चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं 'टेक' हे क्रियापद शिकवायचंय? नवीन शिक्षकांसाठी पायरी पायरीने

ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागलात आणि पहिलाच विद्यार्थी चीनचा आला की आपण सगळे काय करतो तर टेन्स काढून बसतो. टेन्सचं होतं हो हळूहळू. खरी फजिती छोट्या क्रियापदांत होते, गेट, मेक, हॅव, आणि सगळ्यात जास्त टेक. ह्या लोकांना मोठाले शब्द भरपूर येतात, त्यांच्याकडे शब्द पाठ करायच्या याद्या एबीसी क्रमाने असतात आणि सुरुवातीलाच 'अबॅन्डन' हा शब्द येतो, त्यावरून तिकडे विनोदच आहे की पहिल्याच पानावर सोडून द्यायला शिकवतात. तर अबॅन्डन येतो, पण औषध 'ईट' करतात, परीक्षा 'जॉइन' करतात आणि फोटो काढायला सांगताना 'टेक मी अ फोटो' म्हणतात.

म्हणून हे फक्त टेक या एका क्रियापदाबद्दल. मी मोठ्या माणसांना शिकवते, शाळकरी मुलांना नाही, त्यामुळे उदाहरणं ऑफिस, प्रवास, दवाखाना अशीच आहेत.

आधी जवळ काय काय हवं

- वीचॅट, म्हणजे तिकडचं मेसेजचं ॲप. बाकी ॲप्स तिकडे चालतील याची खात्री नाही. गूगल डॉक्सच्या आणि यूट्यूबच्या लिंक पाठवू नका, चीनमध्ये त्या साध्या इंटरनेटवर उघडत नाहीत आणि विद्यार्थी बिचारा संकोचाने सांगतही नाही. फाइल थेट पाठवा, पीडीएफ किंवा फोटो.
- एक चांगली लर्नर्स डिक्शनरी, ज्यात प्रत्येक अर्थाबरोबर पूर्ण वाक्य असतं. विद्यार्थ्याकडे यौदाओ नावाची तिकडची डिक्शनरी बहुतेक असतेच, ती तुम्हीही एकदा उघडून बघा म्हणजे त्याला काय दिसतं ते कळेल.
- कागदाचा एक कपटा. हा का ते दुसऱ्या पायरीत येईल.
- घड्याळाचं गणित. सगळ्या चीनमध्ये एकच वेळ आहे आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दुपारी बारा ते दोन जेवण आणि डुलकीची वेळ, तेव्हा क्लास ठेवू नका. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि त्यांचं नवीन वर्ष, दोन्हीला सुट्टी धरूनच चाला.

चिनी भाषा यायलाच हवी असं नाही. पण पुढे येणारे आठ-दहा चिनी शब्द कानावरून गेलेले बरे. मी ते देवनागरीत लिहिलेत ते अंदाजे आहेत, चिनी शब्दांचे चढउताराचे सूर काही लिहिता येत नाहीत, विद्यार्थ्यालाच म्हणून दाखवायला सांगा, त्याला फार आवडतं ते.

१. समोर कोण बसलंय ते बघा

जुलै २०२१ मध्ये चीनने शिकवण्यांचे नियम बदलले, तेव्हापासून परदेशात बसून तिकडच्या शाळकरी मुलांना शाळेचे विषय शिकवणं बंद आहे. कोणी एजंट तुम्हाला लहान मुलांची बॅच देतो म्हणाला तर दहा वेळा विचार करा. आता येतात ते साधारण तीन प्रकारचे: कॉलेजवाले, आयेल्ट्सवाले (परदेशी शिकायला जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) आणि नोकरीवाले.

कॉलेजवाला 'सीईटी-४' म्हणाला तर आपल्या इंजिनियरिंगच्या सीईटीशी गल्लत करू नका. ती त्यांची कॉलेजची इंग्रजी परीक्षा, वर्षातून दोनदा होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, मार्क ७१० पैकी आणि ४२५ मिळाले की पास झालो असं सगळे धरतात. ह्याला वाचता भरपूर येतं, बोलता नाही. आयेल्ट्सवाल्याला 'टेक समथिंग फॉर ग्रँटेड' पाठ असतं पण डॉक्टरला औषधाचं कसं सांगायचं ते माहीत नसतं. नोकरीवाले सगळ्यात बरे, त्यांना उद्याच्या मीटिंगला काय बोलायचं एवढंच हवं असतं. पुण्याकडे राहत असाल तर चाकण-रांजणगाव पट्ट्यात चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथे आलेल्या इंजिनियर लोकांनाही हेच सगळं लागू पडतं.

पहिल्या क्लासला काहीच शिकवू नका. 'कालचा दिवस सांग' म्हणा आणि ऐका. सकाळपासून रात्रीपर्यंत जिथे जिथे टेक यायला हवं होतं आणि आलं नाही तिथे कागदावर टिंब मारा. तोच तुमचा सिलॅबस.

२. आधी आपला उच्चार नीट करा

हे कोणी सांगत नाही. आपण मराठी माणसं 'टेक' म्हणताना ट कोरडा म्हणतो, हवा सोडत नाही. चिनी कानाला त आणि द मधला फरक आपल्यासारखा ऐकू येत नाही, हवा सुटली की नाही एवढ्यावर तो ठरवतो. चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहितात त्यातला टी म्हणजे आपल्या थ सारखा आणि डी म्हणजे जवळजवळ आपला त. त्यामुळे आपला टेक त्यांना 'डेक' किंवा 'डे' सारखा काहीतरी ऐकू येतो आणि ते नम्रपणे मान डोलावत राहतात.

तोंडासमोर कागदाचा कपटा धरा आणि टेक म्हणा. कपटा हलला पाहिजे. नाही हलला तर ठ च्या जवळ जाऊन म्हणून बघा, 'ठेइक'. जरा नाटकी वाटतं पण त्यांना पटकन कळतं.

त्यांची अडचण उलट्या टोकाला आहे. मँडरिनमध्ये, म्हणजे आपण जिला सरसकट चिनी म्हणतो त्या भाषेत, शब्दाच्या शेवटी क येतच नाही, शेवटी येतात ते स्वर नाहीतर न सारखे अनुनासिक आवाज. म्हणून ते एकतर 'ठेइ' म्हणून क गिळतात किंवा 'ठेइका' करतात. सुटा शब्द घोकून घेऊ नका, पुढे स्वर असलेला शब्द जोडून द्या: 'टेक इट', 'टेक अ बस', 'टेक ऑफ'. तो क पुढच्या शब्दाला चिकटला की आपोआप निघतो.

३. 'टेक म्हणजे ना' हे समीकरण मोडा

यादीत टेकसमोर पहिला चिनी अर्थ 'ना' असा असतो. ना म्हणजे हातात घेणं, उचलणं. तेवढंच डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे हाताने उचलता येत नाही त्या गोष्टीला टेक लावावं असं त्यांना सुचतच नाही.

सुरुवात मात्र इथूनच करा कारण इथे आपल्याला फायदा आहे. ब्रिंग आणि टेक मधला गोंधळ बऱ्याच देशांतल्या लोकांचा होतो. चिनीत एकच 'दाय' आणि त्याला शेपूट लावायचं, 'दाय लाय' म्हणजे घेऊन ये, 'दाय छ्यु' म्हणजे घेऊन जा. आपलं आणणं आणि नेणं हुबेहूब तसंच की! त्यामुळे नियम सांगायचा तर एवढाच सांगा: लाय असेल तिथे ब्रिंग, छ्यु असेल तिथे टेक. छत्री, लॅपटॉप, मुलाला डॉक्टरकडे, असे पाच-सहा प्रसंग दिले की झालं. यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त घालवू नका.

४. जोड्या लावा, अर्थ नको

हा सगळ्यात मोठा भाग. डिक्शनरीत टेकचे अर्थ एकाखाली एक ढीगभर असतात, ते क्रमाने शिकवायला गेलात तर विद्यार्थी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेईल आणि एकही वापरणार नाही. टेकला स्वतःचा अर्थ फारसा नसतोच, पुढे कोण येतं त्यावर सगळं ठरतं. म्हणून नामासकट द्या.

औषध. चिनीत औषध खातात, 'छ्र याओ'. आपणही 'गोळी खाल्ली का' म्हणतोच त्यामुळे तुम्हाला ते चुकीचं ऐकूच येणार नाही, कान उघडे ठेवा. माझी एक विद्यार्थिनी शेनचेनला अकाउंटंट आहे, सर्दी झालेली, तिने कॅमेऱ्यासमोर गोळ्यांचं पाकीट धरलं आणि म्हणाली 'आय ईट धिस थ्री टाइम्स अ डे'. मी पाकीट तसंच धरायला सांगितलं आणि प्रश्न बदलत गेले, कधी घेतेस, किती घेतेस, जेवणाआधी की नंतर, कोणी दिलं. शेवटी ती टेक वापरून अख्खा डॉक्टरचा संवाद बोलली. हातात खरी वस्तू असली की फरक पडतो.

बस, मेट्रो, टॅक्सी. चिनीत बसमध्ये 'बसतात', म्हणून 'आय सिट द बस' येतं. शिवाय वाक्याचा क्रम चिनीतला तसाच ठेवून 'आय बाय बस गो टु वर्क' असंही येतं. दोन्हीवर एकच औषध, 'आय टेक द बस टु वर्क', आणि लगेच त्याच्या खऱ्या मेट्रो लाइनचा नंबर घालून: 'आय टेक लाइन टू'.

फोटो. आपण काढतो, ते 'फाय' करतात म्हणजे थेट अर्थ बघितला तर थापटी मारणं, इंग्रजीत घेतात. इथे चूक क्रियापदात कमी आणि मागच्या शब्दांत जास्त. 'टेक मी अ फोटो' नाही, 'टेक अ फोटो ऑफ मी'. 'फॉर मी' म्हटलं तर चूक नाही पण मग फोटो कोणाचा ते कळत नाही, माझा की मागच्या देवळाचा. हा फरक त्यांना बाहेरदेशी फिरताना लागतो त्यामुळे लक्षात राहतो.

परीक्षा. इथे सावध, कारण इथे आपणच घसरतो. चिनीत परीक्षेत 'भाग घेतात' म्हणून ते 'जॉइन द एग्झाम' म्हणतात, आणि मराठीत आपण परीक्षा देतो म्हणून आपण सर्रास 'गिव्ह एग्झाम' म्हणतो. विद्यार्थी देतो तेव्हा इंग्रजीत 'टेक'. तुमच्या तोंडून एकदा जरी गिव्ह गेलं तरी तो ते टिपून घेतो आणि मग ते काढायला नाकी नऊ येतात.

तसंच क्लासचं. आपण शिक्षक म्हणून 'पाच वाजता क्लास घेते' म्हणतो आणि इंग्रजीत 'आय टेक अ क्लास ॲट फाइव्ह' करून टाकतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत शिक्षकासाठीही ते चालतं, पण चिनी विद्यार्थ्याने 'टेक अ क्लास' म्हणजे शिकायला बसणं एवढंच शिकलेलं असतं, त्याला वाटतं बाई पण कुठेतरी क्लासला जातात. स्वतःबद्दल 'टीच' म्हणा, विषय संपला.

बाकीच्या भराभर उरका: 'टेक नोट्स' (ते राइट नोट्स म्हणतात), 'टेक अ शॉवर', 'टेक अ नॅप' (डुलकीवाल्या देशात ही जोडी एका मिनिटात पाठ होते), 'टेक युवर टेम्परेचर', 'टेक अ सीट'. 'हॅव अ रेस्ट' त्यांच्या तोंडात फार बसलेलं असतं, व्याकरणाने बरोबर आहे पण ऑफिसात मीटिंग थांबवताना 'लेट्स टेक अ ब्रेक' जास्त शोभतं. जेवणाला मात्र टेक लावू देऊ नका, 'हॅव लंच'. एकदा टेक आवडायला लागला की ते सगळीकडे लावतात.

५. वेळ लागणे: चार बहिणींचं भांडण

स्पेंड, कॉस्ट, टेक, पे. चिनी शाळेत ह्या चौघी एकत्र शिकवतात कारण चौघींचा अर्थ यादीत एकच दिलेला असतो, 'ह्वा', खर्च करणं (ह्वा म्हणजे फूलही, पण ते जाऊ दे). नियम त्यांना तुमच्यापेक्षा चांगला पाठ असतो. माणूस स्पेंड करतो, वस्तू कॉस्ट करते, 'इट' टेक करतं, माणूस पे करतो. परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात शंभर टक्के बरोबर. आणि बोलायला लागले की 'आय कॉस्ट टू आवर्स' किंवा 'इट स्पेंट मी टू आवर्स'.

नियम परत सांगण्यात अर्थ नाही. मी असं करते. आधी माणसाला वाक्याच्या सुरुवातीला बसूच देत नाही. आपल्याकडे 'मला ऑफिसला जायला चाळीस मिनिटं लागतात' म्हणतो, त्यात लागणारी मिनिटं आहेत आणि माणूस 'मला' होऊन बाजूला बसलाय. इंग्रजीचा साचा तोच, 'इट टेक्स मी फॉर्टी मिनिट्स टु गेट टु द ऑफिस'. तुम्हाला हा साचा आतून माहीत आहे म्हणून तुम्ही चूक झाली की लगेच ओळखता, चिनी माणसाला तो नवीन आहे कारण त्याच्याकडे खर्च करणारा माणूसच आधी येतो.

मग सराव. फक्त 'हाऊ लाँग डझ इट टेक' हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर 'इट टेक्स' ने सुरू झालं पाहिजे, नाहीतर परत. बीजिंगहून शांघायला फास्ट ट्रेनने किती लागतात? (साडेचारेक तास, सगळ्यात वेगवान गाडीने.) चहा करायला? केस वाळवायला? इंग्रजी शिकायला? शेवटच्या प्रश्नावर सगळे हसतात.

इथले सापळे दोन. एक, मागे 'टु' हवं: 'इट टुक मी टू आवर्स टु फिनिश', 'फिनिशिंग' नाही, ते स्पेंडच्या मागे येतं. दोन, पैशाला टेक नाही, 'द बुक टुक मी फिफ्टी युआन' आलं की थांबवा. 'आय टुक टू आवर्स टु फिनिश' हे मात्र चूक नाही, उगाच लाल शाई मारू नका.

६. ऑफ, आउट, ओव्हर वगैरे

यातलं सुरुवातीला 'ऑफ' पुरे. चिनीत कपडे काढायला एक क्रियापद, टोपी-चष्मा-अंगठी काढायला दुसरं. आपण सगळं काढतोच, इंग्रजीतही सगळं 'टेक ऑफ'. त्यांना हे सोपं पडतं, दोनाचं एक होतंय. अडतं ते इट कुठे ठेवायचं यावर: 'टेक इट ऑफ' बरोबर, 'टेक ऑफ इट' नाही. बूट, मास्क, हेडफोन प्रत्यक्ष काढायला लावा आणि बोलायला लावा. विमानाचं टेक ऑफ वेगळं, तिथे कशाला काही काढायचं नसतं, म्हणून मध्ये काही घालायचं नाही.

'टेक ओव्हर', 'टेक ऑन' नोकरीवाल्यांना त्यांच्या स्वतःच्या ईमेलमधून शिकवा. आपण उदाहरणं बनवत बसू नये.

७. टेक प्लेस, टेक पार्ट, टेक केअर

'द मीटिंग वॉज टेकन प्लेस'. हे येणारच. मीटिंग काही स्वतः होत नाही, कोणीतरी घेतं, मग वॉज हवा असं त्यांचं लॉजिक, आणि ते तसं वाईटही नाही. पण टेक प्लेस नेहमी 'होणे', 'करण्यात येणे' कधीच नाही. 'हॅपन'ला पण हाच आजार आहे, दोन्ही एकदमच दुरुस्त करा.

टेक पार्ट इन, जॉइन, अटेंड या तिघांना चिनीत एकच शब्द पुरतो. फार खोलात न जाता: क्लबात नाव घातलं की जॉइन, मीटिंगला जाऊन बसलात की अटेंड, स्पर्धेत उतरलात की टेक पार्ट.

'टेक केअर ऑफ'साठी माझं ठरलेलं उदाहरण डॉ. कोटणीसांचं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. चिनी नाव क दिहुआ. ते नाव घेतलं की, खासकरून जरा वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचा, चेहरा बदलतो आणि 'ही टुक केअर ऑफ द वुंडेड' पासून पुढे दहा वाक्यं तेच बोलतात. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे सांगायलाही बरं पडतं.

८. टुक आणि टेकन

चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. झालेल्या गोष्टीला मागे 'ल' असा छोटा शब्द लागतो, तोही प्रत्येक वेळी नाही. त्यामुळे 'येस्टरडे आय टेक' हे अज्ञान नाही, येस्टरडे म्हटलं ना एकदा, मग परत कशाला सांगायचं असं त्यांना वाटतं. सारखं टोकू नका, बोलणं बंद पडतं. गोष्ट पूर्ण होऊ दे, मग फक्त 'टुक' एवढंच लिहून पाठवा आणि तीच गोष्ट परत सांगायला लावा. टेकन नंतर. खूप नंतर.

९. 'टेक युवर टाइम' कसं सांगायचं

त्यांच्याकडे 'मानमान लाय' म्हणतात, शब्दशः हळू हळू ये. निघताना पाहुण्याला 'हळू चाला' म्हणतात, जेवताना 'हळू हळू खा'. आपण पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतो ना, तेच. म्हणून हे वाक्य समजावायला दोन मिनिटं पण लागत नाहीत, फक्त ते घाई करू नका या अर्थाचं आहे, 'वेळ वाया घालव' नाही, एवढं सांगा. आणि क्लासमध्ये तुम्हीच ते सारखं वापरा, विद्यार्थी उत्तर शोधत असताना. त्या शांततेत आपण घाबरून उत्तर देऊन टाकतो, ती सवय सोडा.

१०. गृहपाठ आणि तपासणी

'समजलं का' विचारू नका. 'येस टीचर' येतं. नेहमी.

गृहपाठ लेखी देऊ नका, लेखी दिला की अनुवादाच्या ॲपमधून सुंदर इंग्रजी येतं. वीचॅटवर एका मिनिटापर्यंतचा आवाजाचा मेसेज जातो, तेवढं पुष्कळ झालं. 'आज तू काय काय टेक केलंस' असं विचारा, पाच जोड्या आल्या पाहिजेत, खऱ्या दिवसातल्या. ऐकताना उच्चार, काळ, जोडी असं सगळं एकदम धरू नका, त्या आठवड्यात जे शिकवलं तेवढंच पकडा.

गटात शिकवत असाल तर एखाद्याची चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका, पुढच्या वेळी तो कॅमेरा बंद ठेवून बसतो. चार-पाच जणांच्या चुका एकत्र करून, नावं न घेता, पडद्यावर टाका आणि दुरुस्त करायला त्यांनाच सांगा.

टेकच्या जोड्या बोलण्यात यायला लागल्या की पुढचं क्रियापद 'ओपन' घ्या. चिनीत 'खाय' या एकाच क्रियापदाने दार उघडतं, दिवा लागतो, गाडी चालते आणि मीटिंगही भरते, त्यामुळे 'ओपन द लाइट' तुम्हाला आत्तापर्यंत ऐकू आलंच असेल.